ऑक्टोबरचं राहिलेलं भाडं

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्याच एका रस्त्याच्या आतल्या गल्लीत दहा बाय बाराचा एक गाळा आहे. 1988 पासून त्यात शिंपीमामांचं मशीन चालतं.

गाळ्याचे मालक तात्या वारले. पोरगा पुण्यात नोकरीला. त्यानं गाळा विकायला काढला, तेव्हा एजंट म्हणाला, "भाडेकरू आहे म्हटलं की भाव पडतो. रजिस्ट्रीपर्यंत खाली करून देतो म्हणू. पुढचं पुढं."

पोरानं मान हलवली. अशी मान बाजारात रोज हलते, आणि फसतो तो घेणारा. जागा विकली म्हणून भाडेकरू उठत नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानं नवा मालक जुन्याच्या जागी येतो, एवढंच. मराठवाड्यात आधी हैदराबाद राज्याचा 1954 चा भाडे कायदा होता, 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्राचा लागू झाला. कायद्यात बसणाऱ्या कारणाशिवाय भाडेकरूला उठवता येत नाही, हे दोन्हीत आहे. रिकाम्या गाळ्याचे पैसे मोजणाऱ्याच्या पदरात मग कोर्टाच्या तारखा पडतात.

घेणारा होता आडतीवरचा एक म्हातारा मुनीम. जन्मभराची पुंजी घालून नातवासाठी दुकान बघत होता. रविवारी तिघं गाळ्यावर आले. मामांना वाटलं, हिशेब बघायला आलेत. त्यांनी मशीनखालून बिस्किटाचा पत्र्याचा डबा ओढला. आत तारेत ओवलेल्या पावत्या, सालवार. कडा पिवळ्या पडलेल्या, मशीनच्या तेलाचे डाग पडलेल्या.

"बघा की दादा. एक म्हैना सोडला तर समदं चुकतं हाय."

तो एक महिना ऑक्टोबर 1993 चा. 30 सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती बुडवून गाव झोपलं होतं. मामांचं किल्लारीचं घर पडलं, घरातली दोन माणसं गेली. महिनाभर गाळ्याचं कुलूप निघालं नाही. तारेत त्या जागी पावती नव्हती, तात्यांच्या हातची चिठ्ठी होती : 'भाडे रु. 150. सवडीने.'

"मी लई डाव द्याया गेलो. तात्या म्हणायचे, राहू दे तुझ्याकडं. आता तात्या बी गेले." मामांनी बंडीच्या खिशातून घडी केलेल्या नोटा काढल्या. "गाळा इकायच्या आधी मला मोकळं करा, दादा."

पोरगा बापाच्या अक्षराकडे बघत राहिला. एजंट काहीतरी बोलू लागला, तसा त्यानं हातानंच थांबवला.

"काका, गाळा रिकामा मिळणार नाही. मामा इथंच राहणार. आता भाव तुम्हीच सांगा."

मुनीम खुर्चीवर टेकले. तारेतल्या पावत्या त्यांनी सावकाश, एकेक करून चाळल्या. मग ठरल्यापेक्षा दीड लाखानं कमी भाव सांगितला. पोरानं घासाघीस केली नाही.

खरेदीखतात भाडेकरूचं नाव, महिन्याचं भाडं, अनामत रक्कम, सगळं लिहिलं गेलं. मामांचे दीडशे रुपये मात्र पोरानं त्याच दिवशी मोजून घेतले होते. समोरच्या दुकानातून पावतीपुस्तक आणून त्यानं पावती फाडली, महिना लिहिला ऑक्टोबर 1993, आणि खाली सही केली. मामांनी ती चिठ्ठीच्या जागी तारेत ओवली.