चौकटीबाहेरचा टँकर

दिग्दर्शकाच्या गळ्यात लटकणारा व्ह्यूफाइंडर म्हणजे मुठीत मावणारी छोटी दुर्बीण. कॅमेरा यायच्या आधी चौकट कशी दिसेल, हे पाहायला ती असते. कडं फिरवलं की २४ मिलिमीटरच्या लेन्सला काय दिसेल, ५० च्या लेन्सला काय, हे कळतं. प्रत्यक्ष चित्रीकरणात माणसं, दिवे, भाडं यांचा खर्च क्षणाक्षणाला चढत असतो. तिथे चुकलं तर घाईचं कारण सांगता येतं. व्ह्यूफाइंडर डोळ्याला लावणाऱ्याला ती सोय नाही. त्याच्याकडे विचार करायला वेळ असतो.

जिलो पोन्तेकोर्व्हो यांच्या १९६० च्या 'कापो' या चित्रपटात छळछावणीतली एक कैदी विजेच्या काटेरी तारांवर झेप घेऊन मरते. कॅमेरा तिच्या देहाकडे सरकतो आणि चौकट नीट जुळवून घेतो. पुढच्याच वर्षी जाक रिव्हेत यांनी 'काहिए द्यु सिनेमा'मध्ये या एका हालचालीवर जळजळीत टीका केली. मृत्यू दाखवला, हा त्यांचा आक्षेप नव्हता. तो हात चौकटीच्या कोपऱ्यात बरोबर बसावा याची कुणीतरी काळजी घेतली, हा होता.

हा लेख मी वाचला होता, शिकवलाही होता. तरीही एका दुष्काळी गावात माहितीपटासाठी जागा पाहायला गेलो, तेव्हा विहिरीच्या काठावर मी तेच केलं. एक बाई तळातलं गढूळ पाणी शेंदत होत्या. २४ वर ठेवलं तर मागे टँकर आणि हंड्यांची रांग येत होती. चित्र विस्कटत होतं. ५० वर नेलं आणि उरला तो फक्त दोर, वाकलेली पाठ, सकाळचं तिरपं ऊन. सुंदर! त्यांना कुतूहल वाटलं म्हणून मी व्ह्यूफाइंडर त्यांच्या हातात दिला. मी जिथे उभा होतो तिथून त्यांनी विहिरीकडे पाहिलं आणि विचारलं, "दादा, ह्यात टँकर कुठं हाय?"

टँकर काढल्यावर दुष्काळ निसर्गाचा झाला होता. पाणी कुणाला, कधी, किती मिळतं हा प्रश्नच चौकटीबाहेर गेला होता.

मग आधी काही ठरवूच नये का? हाती कॅमेरा घेऊन दिसेल ते टिपावं? पण हलती, विस्कळीत चौकटही कुणीतरी निवडलेलीच असते; फक्त निवड केल्याची कबुली तिथे नसते. सौंदर्य हाही गुन्हा नव्हे. त्या बाईंच्या कष्टांना डौल होताच. प्रश्न एवढाच, की तो डौल दाखवण्यासाठी मी काय पुसलं, आणि ज्यांचं पुसलं त्यांना ते चाललं असतं का.

शेवटी शॉट २४ वरच घेतला. तो तेवढा देखणा नाही. ते मला अजूनही खुपतं. आता जागा पाहून झाली की व्ह्यूफाइंडर खाली घेतो आणि उघड्या डोळ्यांनी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, एकदा मागे पाहतो.