टिळकांची दोन वर्षे, लक्ष्मीबाईंची पाच

१८९३ साली राजनांदगावला निघालेल्या आगगाडीत कवी नारायण वामन टिळकांना एक युरोपीय सहप्रवासी भेटला. बोलणे धर्मावर आले. निरोप घेताना त्याने नव्या कराराची प्रत टिळकांच्या हाती ठेवली आणि भाकीत केले, की हे पुस्तक मन लावून वाचाल तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. टिळकांनी वाचले, डोंगरावरील प्रवचनापाशी ते खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. भाकितातली मुदत जवळजवळ तंतोतंत पाळली गेली.

देवाची वेळ चुकत नाही, असे मंडळीत साक्ष देणारे नेहमी सांगतात. त्यांना याहून ठळक दाखला कुठे मिळणार? अडचण एवढीच, की त्या घरात आणखी एक माणूस होते.

लक्ष्मीबाई तेव्हा सत्तावीस वर्षांच्या आसपास होत्या, पदरी लहानगा दत्तू. नवरा बाटला, ही बातमी त्यांच्यावर कोसळली तेव्हा कोणताही सहप्रवासी त्यांना मुदत सांगून गेलेला नव्हता. त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या, नवऱ्याच्या पत्रांवर रडल्या, चिडल्या. पुढे त्या टिळकांकडे राहायला गेल्या, पण चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे शाबूत. टिळकांनीही घाई केली नाही, हे त्यांच्या पदरात टाकायलाच हवे. मग एके दिवशी राहुरीत त्यांच्या मनाने एक प्रश्न धरला: जाती देवाने केल्या की माणसाने? माणसाने, असे उत्तर आले आणि कुणाच्याही हातचे खाण्यापिण्याला त्यांची हरकत उरली नाही. हे घडवायला टिळकांचे एकही व्याख्यान लागले नाही. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता देवाची वेळ कोणती म्हणायची, १८९५ की १९००? दोन्ही, असे भाविक उत्तर देईल, आणि ते चूक म्हणता येणार नाही. पण एकाच्या आज्ञापालनाची किंमत दुसऱ्याने पाच वर्षे मोजली, हे त्या उत्तरात मावत नाही. ‘प्रभूच्या वेळेची वाट पाहा’ हा सल्ला बहुतेकदा ज्याची वाट संपली आहे तो देतो. त्याच्या हाती शेवटचे पान असते. ऐकणारा अजून मधल्या पानांवर अडकलेला असतो.

पवित्र शास्त्र या बाबतीत साक्षींपेक्षा अधिक खडबडीत आहे. गिलगालात शौल राजा शमुवेलाने ठरवून दिलेले सात दिवस थांबला. शमुवेल आला नाही, शत्रू समोर, सैन्य पांगू लागलेले. शौलाने स्वतःच होमार्पण केले, आणि ते आटोपते न आटोपते तोच शमुवेल हजर! राज्य टिकणार नाही, असे त्याला ऐकावे लागले. वाचणाऱ्याला शौलाची थोडी कीव येतेच. यावी अशाच रीतीने ती कथा लिहिलेली आहे. प्रेषितांच्या कृत्यांतला पौल तर आशिया प्रांतात वचन सांगू पाहतो तेव्हा आत्मा मना करतो, बिथुनियाकडे वळतो तेव्हाही मना करतो. मासेदोनियाचा माणूस रात्री दृष्टान्तात दिसतो तो त्रोवसला पोहोचल्यावर, म्हणजे दोन दारे बंद झाल्यावर. तोवर पौल चालतच होता.

देवाची वेळ कोणती, हा संशय कायमचा मिटवण्याचे उपायही झाले. सॅक्सनीतल्या हेर्नहुट येथून पसरलेल्या मोरावियन मंडळीने अठराव्या शतकात चिठ्ठ्या टाकून देवाची इच्छा विचारण्याची पद्धत चालवली. लग्नेसुद्धा चिठ्ठीने ठरत. आधाराला शास्त्रवचन होतेच, कारण यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्यांनीच झाली होती. पण पुढच्या पिढ्यांना ते जाचू लागले, आणि १८१८ च्या सभेने सामान्य सभासदांच्या लग्नांवरची ही सक्ती उठवली. देवाकडून चिठ्ठीवर उत्तर घेणे सोपे; त्या उत्तरासोबत रोज सकाळी उठून संसार करणे वेगळे.

येशूसंघ स्थापणाऱ्या इग्नेशियस लोयोलाचा नियम अधिक माणुसकीचा वाटतो: मन कोरडे, अंधारलेले असेल त्या काळात आधीचा निश्चय बदलू नये. वेळ कधी येईल हे तो सांगत नाही, फक्त कोणत्या वेळी ठरवू नये एवढे सांगतो.

टिळकांनी स्वतः १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा होती. उंबरठ्यावर थांबलेल्यांना आत येण्याची तारीख विचारायची नाही, अशी ही कल्पना. घरातल्या अनुभवाचा तिच्यात वाटा नसेल, असे मानणे कठीण आहे. १९१९ मध्ये ते वारले. दरबाराला जेमतेम दोन वर्षे मिळाली, आणि या दोन वर्षांचे भाकीत कुणी केले नव्हते. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. नंतर ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिताना त्यांनी ती पाच वर्षेही सांगितली, टिळकांवरचा राग, सोवळ्याची फजिती आणि स्वतःचा हट्ट यांसकट, कुठेही गुळगुळीत न करता.