गाईले काय मालूम सुतक

मोठे बाबा गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशीची पहाट मला अजून आठवते. पोळा होऊन गेला होता. पऱ्हाटीला पात्या-फुलं लागली होती. घरात बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. मोठमाय रात्रभर तशीच बसलेली, डोळे कोरडे. एवढ्यात गोठ्यातली गाय हंबरली. मग वासरू. मोठमाय उठली, पदर खोचला, भांडं घेतलं. एक म्हातारी म्हणाली, ‘‘बस व माय, सुतक हाय.’’ मोठमाय दारातूनच म्हणाली, ‘‘गाईले काय मालूम सुतक?’’

मोठे बाबा कशाने गेले, हे यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. कोरडवाहू कपाशी, दुबार पेरणी आणि डोक्यावर कर्ज. आमच्याच जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे १९ मार्च १९८६ला कुटुंबासह गेले. त्या तारखेला आता लोक कास्तकारांसाठी उपवास करतात. पण मागं राहिलेल्या बायांची तारीख कोणती? त्यांना तर रोजच उठायचं असतं.

मी तेव्हा कॉलेजात होतो. जगण्याला आधी काही ध्येय सापडावं लागतं, मग माणूस उभा राहतो, असं मला वाटायचं. काही वर्षांनी कापूस वेचताना मी मोठमायला विचारलंच, ‘‘मोठमाय, कशाच्या बळावर उभी राहिली व तू?’’

ती हसली. ‘‘बळ कायचं रे बाप्पा? सकाळी गाय हंबरे. पोट्टे भूक लागली म्हनत. निंदन आलं का वावर बलावे. एकाचं केलं का दुसरं वाट पाहून राहे. बळ हाय का नाही, हे पाहाले टाइमच नोता.’’

म्हणजे माझा हिशोब उलटा होता. कारण सापडलं म्हणून ती उठली नव्हती. ती उठली, हाताला काम लागलं, आणि कारण मागून आलं.

आनंदाचंही तसंच. त्या वर्षी पहिल्या वेचणीआधी वावरात सीतादही केलं. दहीभात ठेवला, हात जोडले. कोणीतरी काहीतरी बोललं आणि मोठमाय खळखळून हसली. दुसऱ्याच क्षणी तिनं तोंडावर पदर घेतला. रात्री माझ्या आईला म्हणाली, ‘‘हासलं त पाप लागते का व?’’ आई म्हणाली, ‘‘नाही लागत. हासल्यानं मेलेला मानूस काही जास्त मरत नाही.’’ मला वाटतं, त्या रात्रीपासून मोठमाय खरी जगायला लागली.

जानेवारी २०१९मध्ये यवतमाळला ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण आयोजकांनी मागं घेतलं आणि उद्घाटन केलं राजूरच्या वैशाली येडे यांनी. कास्तकाराची विधवा, अंगणवाडीत मदतनीस. श्याम पेठकरांच्या ‘तेरवं’ या नाटकातही त्या होत्या. त्या नाटकात आत्महत्याग्रस्त घरांतल्या बायाच मंचावर उभ्या राहिल्या. तेराव्या दिवशी जगानं ज्यांचा विषय संपवला, त्या तेथून पुढं बोलायला लागल्या.

मी घरी येऊन मोठमायला सारं सांगितलं. टाळ्या किती वाजल्या, तेही. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘‘चांगलं झालं. पन कापसाच्या भावाचं काय म्हने?’’

मी गप्प झालो. टाळी वाजवणारे आपण सारे त्या एका प्रश्नात उभे होतो. बाईच्या हिमतीचं कौतुक करणं सोपं असतं. त्या कौतुकाआड आपली जबाबदारी लपते. रोजच्या कामातून ताकद येते, हे खरं. पण म्हणून कोणाला एवढी ताकद लागावी असे दिवस यावेत, हे काही बरोबर नाही. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत, आणि एक सांगताना दुसरी गाळू नये.

मोठमाय आता थकली आहे. वेचणीला जात नाही. पण पहाटे गोठ्यात हालचाल झाली की अजूनही तिचीच काठी आधी वाजते. परवा मी म्हणालो, ‘‘झोप नं जरा, सून पाहीन गाईचं.’’

‘‘पाहीन ते,’’ मोठमाय म्हणाली, ‘‘पन गाय मले हाका मारून राहिली ना.’’