तक्रार आली नाही म्हणून

पुण्यातल्या १८९७च्या प्लेगवर सरकारने नेमलेल्या कमिटीचा प्रमुख रँड याने आपल्या अहवालात एका गोष्टीबद्दल समाधान नोंदवले आहे. घरझडतीच्या वेळी कुणा स्त्रीच्या अब्रूला मुद्दाम धक्का लावला गेला, अशी विश्वास ठेवण्याजोगी एकही तक्रार कमिटीकडे किंवा लष्करी अधिकाऱ्यांकडे आली नाही, असे तो म्हणतो. रँड खोटे लिहीत होता असे मला वाटत नाही. त्याच्या टेबलापर्यंत त्याला पटेल अशी तक्रार खरोखरच पोचली नसेल. प्रश्न असा की ती पोचणार कशी होती?

झडतीला गोरे सोल्जर येत. बुटांसकट स्वयंपाकघरात, देवघरात शिरत. प्लेगची गाठ काखेत नाहीतर जांघेत येते, म्हणून तपासायचे तिथेच. कित्येकदा हे चारचौघांदेखत होई. रोगी सापडला की त्याला इस्पितळात, घरच्यांना सेग्रिगेशन कॅम्पात हलवायचे, आणि घरातले सामान बाहेर काढून जाळायचे. अशा घरातल्या बाईने तक्रार करायची म्हणजे त्याच सोल्जरांच्या साहेबापुढे, दुभाष्यामार्फत, परक्या पुरुषांसमोर उभे राहून स्वतःचे नाव सांगायचे. आणि तिने ते सांगू नये, यासाठी तिच्याच घरचे तिचे हात धरणार. या सगळ्यातून उरलेल्या शांततेला रँडने निर्दोषपणाचा दाखला मानले.

बोलणारे बोलतच होते. ‘केसरी’तून टिळक झडतीच्या जुलमावर लिहीत होते. ते शहर सोडून गेले नाहीत. हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ त्यांनी उभे केले. पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या इस्पितळातल्या स्त्रियांच्या हालांबद्दल जाहीर पत्र लिहिले. यांपैकी कुणीही साथ रोखू नका असे म्हणत नव्हते. माणसांना माणसासारखे वागवून रोखा, एवढेच म्हणणे होते. सरकारला त्यात राजद्रोहाचा वास आला. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांना गोळ्या घातल्या. त्या खुनांचे समर्थन मी करणार नाही. पण शहर महिनोन्‌महिने काय सांगत होते ते ऐकून घेण्याची संधी सरकारने घालवली होती, हेही तितकेच खरे आहे.

या सगळ्या प्रकरणात माझे मन सर्वांत जास्त अडकते ते गोपाळ कृष्ण गोखल्यांपाशी. ३१ वर्षांचे गोपाळराव तेव्हा हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडात होते. पुण्याहून मित्रांची पत्रे आली. त्या पत्रांच्या भरवशावर गोखल्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ला सांगितले की सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यांतल्या एकीने जीव दिला. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ते साफ नाकारले. गोखले परतले तेव्हा मुंबईचे पोलीस कमिशनर बोटीवरच येऊन भेटले. पत्रे लिहिणाऱ्यांपैकी पुराव्यासाठी पुढे यायला कुणी तयार होईना. मित्रांची नावे गोखल्यांनी उघड केली नाहीत. बिनशर्त माफी मागितली आणि वर्षानुवर्षे त्याची नालस्ती सोसली.

माफी मागण्यात त्यांचे चुकले असे मला वाटत नाही. जे सिद्ध करता येत नाही ते जगापुढे मांडले, तर ते मागे घेण्याची हिंमतही हवी. लोकमत नेहमी खरेच असते असे नाही. २०२०च्या टाळेबंदीत पालघरमधल्या गडचिंचले इथे निव्वळ अफवेने तिघांचा बळी घेतला. म्हणून बोलणाऱ्याने पडताळून बोलावे, ही अपेक्षा रास्तच आहे. पण पडताळणीची सगळी साधने सरकारच्या हाती आणि सिद्ध करण्याचा सगळा भार मात्र घाबरलेल्या माणसावर, ही वाटणी न्यायाची नव्हे. माफीने एवढेच सिद्ध झाले की गोखल्यांकडे पुरावा नव्हता. पुण्यातल्या बायकांवर काय गुदरले, याचा निकाल त्या माफीने लागला नाही.

नोंद नाही म्हणजे घडलेच नाही, हा सूर करोनाच्या साथीतही ऐकू आला. २० जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने राज्यसभेत सांगितले की ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याची स्वतंत्र नोंद राज्यांनी कळवलेली नाही. या न नोंदवण्यात केंद्र आले, आणि वेगवेगळ्या पक्षांची राज्येही आली. मृत्यूच्या कागदावर न्यूमोनिया लिहिता येतो, श्वसनक्रिया बंद पडली असे लिहिता येते. सिलिंडर वेळेवर मिळाला नाही, हे लिहायला रकानाच नसतो. एप्रिल-मेमध्ये रिकामा सिलिंडर रिक्षात घालून गावभर फिरलेल्या मुलाला, लेकीला ते उत्तर ऐकून काय वाटले असेल? त्यांच्या दुःखाची बाजू निदान सर्वोच्च न्यायालयाने आधीच ओळखली होती. ऑक्सिजनसाठी, खाटेसाठी समाजमाध्यमांवर टाहो फोडणाऱ्यांवर कारवाई केली तर तो न्यायालयाचा अवमान समजू, असे ३० एप्रिललाच खंडपीठाने बजावले होते.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात निर्बंध लागू झाले ते साथरोग कायद्याखाली. हा कायदा ४ फेब्रुवारी १८९७चा, त्याच प्लेगसाठी केलेला. सद्‌हेतूने केलेल्या कृत्याबद्दल अधिकाऱ्यावर दावा चालणार नाही, हे अभय त्याच्या चौथ्या कलमात आहे. २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि डॉक्टर-परिचारिकांवर हात उगारणाऱ्याला कडक शिक्षा ठरली. ती हवीच होती. रुग्णांसाठी जिवावर उदार झालेल्या माणसांना घर खाली करा म्हणणारे लोक आपल्याच गल्लीत होते. पण ज्याला सांगायचे आहे त्याच्यासाठी त्या दुरुस्तीत एक ओळही आली नाही. साथीच्या काळात तक्रार घेणारा अधिकारी बंदोबस्ताच्या खात्यातला नसेल, तक्रारदाराचे नाव गुप्त राहील, बाईचे म्हणणे बाईच ऐकेल आणि ठरलेल्या दिवसांत लेखी उत्तर मिळेल, एवढे कलम तेव्हा घालता आले असते. अजूनही घालता येईल.