ज्योत आणि मेण



एखाद्याची सायकल आपण नेली तर ती त्याच्याकडे उरत नाही. पण त्याच्या गाण्याची प्रत काढली तर गाणे त्याच्याकडेही राहते. मग ही चोरी कशी? तरुण मंडळी आम्हांला हा प्रश्न विचारतात. प्रश्न पोरकट नाही.

१९९९ साली अमेरिकेत शॉन फॅनिंग या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने 'नॅपस्टर' सुरू केले. एकाच्या संगणकावरील गाणे दुसऱ्याला इंटरनेटवरून फुकट मिळू लागले. संगीत कंपन्या न्यायालयात गेल्या, 'मेटॅलिका' हा बँडही गेला. २००१ मध्ये नॅपस्टर बंद पडले. पण देवाणघेवाण थांबली नाही. २००३ पासून कंपन्यांनी हजारो सामान्य श्रोत्यांवर दावे लावले, तरीही ती थांबली नाही. त्याच वर्षी 'ॲपल'ने एकेक गाणे ९९ सेंटला विकायला काढले, २००८ मध्ये 'स्पॉटिफाय' आले, आणि अनेक जण आपणहून सरळ मार्गाला वळले. एका गाण्यासाठी अख्खी सीडी गळ्यात मारणाऱ्या कंपन्याही निर्दोष नव्हत्या, हे त्यातून दिसले.

तरी मूळ प्रश्न उरतोच. पास्काच्या रात्री एका मेणबत्तीवरून आपण शेकडो मेणबत्त्या पेटवतो. ज्योत कमी होत नाही. गाणेही तसेच. पण त्या रात्रीच्या स्तोत्रात मेण देणाऱ्या मधमाश्यांच्या श्रमाचीही आठवण असते. ज्योत वाटल्याने सरत नाही. मेण मात्र कोणाच्या तरी कष्टाचे असते. फुकट प्रत काढताना आपण वस्तू नेत नाही, मजुरी बुडवतो. सातवी आज्ञा इथेही लागू पडते.

"पण पैसे कलावंताला मिळतात कुठे?" ही तक्रार खोटी नाही. आपल्या देशात गीतकार व संगीतकारांचा रॉयल्टीतील वाटा राखण्यासाठी २०१२ साली कॉपीराइट कायदा दुरुस्त करावा लागला. मात्र मालकाने मजुराला कमी दिले म्हणून आपण काहीच देऊ नये, हा न्याय नव्हे.

आम्हीही धुतल्या तांदळासारखे नाही. गायनवृंदासाठी भक्तिगीतांच्या एका सीडीच्या प्रती आम्हीच काढून वाटल्या होत्या. पुढे गीतकार भेटले. "फादर, गाणी आवडली ना?" एवढेच त्यांनी विचारले. त्यांची दुसरी सीडी निघालीच नाही.

आज अख्खा चित्रपट क्षणात फोनवर येतो. तो पुढे पाठवण्याआधी आपण स्वतःला विचारू या : या ज्योतीचे मेण कोणाचे?

- तुमचे धर्मगुरू