एका मेजावरचे स्वातंत्र्य



'ख्रिस्ती' हे नाव शिष्यांना प्रथम अंत्युखिया शहरात मिळाले, असे प्रेषितांची कृत्ये (११:२६) सांगते. तेथे यहुदी आणि परराष्ट्रीय एकाच श्रद्धेत एकत्र आले होते. याच शहरात पेत्र आणि पौल या दोन थोर प्रेषितांचा जेवणाच्या पंगतीवरून खटका उडाला.

गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात (२:११-१४) संत पौल तो प्रसंग सांगतो. पेत्र सुरुवातीला परराष्ट्रीय बांधवांसोबत जेवत असे. मग याकोबाकडून काही माणसे आली आणि त्यांच्या भीतीने तो वेगळा बसू लागला. त्याचे पाहून इतर यहुदी बांधव, अगदी बर्णबासुद्धा, उठून गेले. पेत्राची श्रद्धा बदलली नव्हती. देव भेदभाव करीत नाही, हे कर्नेल्याच्या घरी त्यानेच जाहीर केले होते. बदलली ती फक्त त्याची बसण्याची जागा. तरीही पौलाने त्याला सर्वांसमोर खडसावले. कारण वेगळे बसून पेत्र न बोलता सांगत होता, "आधी आमच्यासारखे व्हा, मग आमच्या पंगतीला या."

ही श्रद्धेच्या नावाने केलेली सक्तीच होती. श्रद्धा म्हणजे देवाला मोकळ्या मनाने दिलेला होकार. तो बळजबरीने घेता येत नाही, असे द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धार्मिक स्वातंत्र्यावरील जाहीरनाम्यात स्पष्ट केले. ही शिकवण सरकारांसाठी आहे, असे आपल्याला वाटते. परंतु सक्ती करायला दरवेळी कायदा लागत नाही. कधी फिरवलेली पाठही पुरते.

काही दिवसांपूर्वी एक भगिनी आम्हांला म्हणाल्या, "फादर, या चर्चला येऊन तीन वर्षे झाली. मिस्सामध्ये शांती देताना सगळे हात जोडतात. बाहेर आल्यावर कुणी नावसुद्धा विचारत नाही." आम्हांला उत्तर सुचले नाही. मिस्सानंतर आम्हीही ओळखीच्या घोळक्यातच जाऊन उभे राहतो.

आपल्या वसईत सामवेदी, वाडवळ, कोळी अशी जुनी घराणी आहेत. नव्या सोसायट्यांत कोकणी, मल्याळी, तमिळ बोलणारी कुटुंबे आली आहेत. आदिवासी बांधव आहेत, भाडेकरू आहेत. आपण कोणालाही बाहेर काढलेले नाही, हे खरे. पण पेत्राने तरी कोणाला कुठे हाकलले होते?

मग आपली बोली, आपल्या चालीरीती सोडून द्यायच्या का? मुळीच नाही. पौलाने यहुद्यांना यहुदीपण टाकायला सांगितले नाही. आपला वारसा जरूर जपावा; मात्र तो दारावरचा पहारेकरी होऊ नये. तसेच, जो आज यायला तयार नाही त्याच्या मागे लागू नये. बोलवावे, जागा ठेवावी आणि वाट पाहावी. स्वातंत्र्य त्याचेही आहे.

म्हणून या आठवड्यात तीन साध्या गोष्टी करू या. मिस्सानंतर एका अनोळखी कुटुंबाचे नाव विचारू या. लघु ख्रिस्ती समूहाची पुढची सभा आजवर जिथे झाली नाही अशा घरी, त्यांच्या संमतीने, भरवू या. सणाची कमिटी आणि वाचकांची यादी करताना तीच ती आडनावे लिहिण्यापूर्वी थोडे थांबू या.

वेदीजवळ आपण सगळे एकाच भाकरीचे वाटेकरी होतो. ती एकी चर्चच्या फाटकापर्यंत तरी टिकावी, अशी कृपा प्रभू येशू आपणां सर्वांना देवो.

ख्रिस्तामध्ये आपले,
धर्मगुरू