भर दिवसा

थंडीत मेहरूणच्या तलावाकाठी बोरं खात बसलं, की खंड्या हमखास दिसतो. पाण्यावर नजर रोखून बसतो, मग सूर मारतो. पुष्कळदा चुकतो आणि पंख झटकत पुन्हा फांदीवर येतो. त्याच्या चुकीची किंमत एक मासोळी.

मला त्याच्यावरून ‘मॉस्किटो’ आठवतं. दुसऱ्या महायुद्धातलं हे ब्रिटिश विमान चक्क लाकडाचं होतं. आत माणसं दोनच. त्याच्या बॉम्बफेकी नमुन्यावर बचावाला एक बंदूकही नव्हती, सगळी भिस्त वेगावर. रात्री शहरंच्या शहरं जाळणाऱ्या ताफ्यांपेक्षा, छपरांना घासत भर दिवसा एकच इमारत टिपणं मला कायम सभ्य वाटत आलं. उजेडात जाणाऱ्याला ‘अंधार होता’ म्हणायची सोय नसते ना!

21 मार्च 1945 ला कोपनहेगनमधल्या शेलहूस या गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, मुख्यालयावर मॉस्किटो गेली. इमारत जळाली, माळ्यावर कोंडलेल्या कैद्यांपैकी 18 जण निसटले. पण पहिल्याच तुकडीतलं एक विमान खांबाला धडकून फ्रेंच शाळेजवळ कोसळलं होतं. मागून येणाऱ्यांना धूर दिसला आणि त्यातल्या काहींनी तेच लक्ष्य धरलं. शाळेतली 86 मुलं गेली. डोळे शाबूत होते, वेळ नव्हता. ज्या वेगाने वैमानिक वाचतो, तोच वेग त्याला खात्री करू देत नाही.

याच मॉस्किटोची जागा घ्यायला पुढे कॅनबेरा हे बॉम्बफेकी विमान आलं. 18 डिसेंबर 1961 ला पुण्याहून आपली 12 कॅनबेरा पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्यात, दाबोळीच्या विमानतळावर गेली. हुकूम होता, धावपट्टी फोडा, टर्मिनलला धक्का नको. तसंच झालं. तिथे उभी असलेली दोन प्रवासी विमानंही वाचली, आणि पोर्तुगीजांनी रात्री धावपट्टी जेमतेम सावरून ती कराचीला पळवली. विजयाच्या गोष्टीत हा भाग जरा ओशाळवाणा. मला मात्र तोच आवडतो.

पण हा संयम परवडला कशामुळे? गोव्यात पोर्तुगीजांकडे एकही लढाऊ विमान नव्हतं. आमच्या वैमानिकांना खाली नीट बघायला उसंत होती. कोपनहेगनवर पुन्हा एक फेरी मारून खात्री करणं म्हणजे खालच्या तोफांना दुसरी संधी देणं होतं.